स्टुटगार्टमधले जेवण

मुलांनो, जर्मनी देशात स्टुटगार्ट नावाचे एक मोठे शहर आहे. शहराभोवती टेकड्या आहेत. टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे आहेत. मोटारींच्या कारखान्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. १९६८ साली आपली मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी-शहरे झाली. नोकरीनिमित्त काही मराठी कुटुंबेही तेथे राहतात.

समजा, तुमचे काका तेथे राहतात आणि तुम्ही सुट्टीत त्यांच्याकडे गेला आहात. तुमच्या घरी मांस-मासे खात नाहीत, असेही समजा. एका संध्याकाळी काका म्हणतात, "चल, आज जरा मोठ्या हॉटेलात जेवू." अशा ठिकाणी तुम्ही पहिल्यांदाच जात आहात. छातीत थोडी धडधड होणारच!

आत शिरताच रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसायचे नाही. काकांनी आधीच टेलिफोन करून टेबल राखून ठेवले आहे. वेटर तुम्हांला तेथे नेतो. अंगातला जाड कोट काढून खुंटीला अडकवायचा. टेबलावर पांढरेशुभ्र कापड अंथरलेले आहे. घडी घातलेला रुमाल मांडीवर पसरायचा. बशीच्या डावीकडे काटा आणि उजवीकडे सुरी. बावरू नका. आपल्याकडेही पानात चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे वाढतात की नाही? परक्या माणसाला तेही अवघडच वाटते.

नुसते 'पाणी' मागितले, तर बहुतेक वेळा बुडबुड्यांचे, सोड्यासारखे पाणी येते. त्याचे पैसेही पडतात, बरे का! साधे हवे असेल तर तसे सांगावे लागते.

आता पदार्थांची यादी हातात येते. स्टुटगार्टच्या परिसराला श्वाबेन म्हणतात. तेथला आवडता पदार्थ म्हणजे माउलटाशन. शेजारच्या टेबलावर तो आलेला दिसतो. पिठाच्या पातळ पोळीत सारण भरून केलेल्या चौकोनी घड्या, जणू आपल्या करंजीच्या चुलतबहिणीच! त्या उकडतात आणि गरम रश्शात घालून देतात. सारणात पालकाची हिरवी पाने दिसतात. तुम्हांला वाटते, हे आपल्याला चालेल.

पण थांबा. या पदार्थाची एक गोष्ट सांगतात. माउलब्रॉन येथे एक जुना मठ आहे. ईस्टरच्या आधीचे उपवास चालू होते. त्या दिवसांत मांस खायचे नसते. पण मठातल्या साधूंना मांसाचा एक मोठा तुकडा मिळाला. टाकवेना आणि खाताही येईना! मग एका साधूने ते मांस बारीक चिरून पालेभाजीत मिसळले आणि पिठाच्या घडीत लपवले. वरून देवालाही दिसू नये म्हणून! गोष्ट खरी की रचलेली, ते सोडा. पण पालकाच्या आड मांस असते, हे मात्र खरे. रस्साही पुष्कळदा मांसाचाच असतो. तेथली बटाट्याची कोशिंबीरसुद्धा मांसाच्या रश्शात कालवतात. म्हणजे नुसते पाहून काही कळत नाही.

मी शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत होते, तेव्हाची गोष्ट. मैत्रिणीबरोबर प्रथमच एका मोठ्या हॉटेलात गेले. यादीतली नावे कळेनात आणि विचारायची लाज वाटली. बोट ठेवून दोन पदार्थ मागवले. दोन्ही सूपच निघाली! आम्ही सूप पिऊन अर्धपोटी परत आलो. वेटरला विचारले असते, तर तो काय रागावला असता?

तेव्हा तुम्ही विचारा. "ओने फ्लाइश, बिटे." याचा अर्थ, 'मांस नको, कृपया.' हळू बोललात तरी चालेल. यादीत काही पदार्थांपुढे बारीक अक्षरे किंवा आकडे असतात, तेही पाहा. दूध, अंडी, शेंगदाणे अशा १४ प्रकारच्या गोष्टींनी काही माणसांना त्रास होतो. त्या पदार्थात असतील, तर गिऱ्हाइकाला तसे कळवावे लागते. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून तसा नियमच आहे.

वेटर मान हलवतो आणि आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. तो सांगतो, "नुसत्या भाजीचे सारण भरलेल्या माउलटाशन आहेत. त्या रश्शाऐवजी लोण्यात परतून देऊ. पण पिठात अंडे आहे. चालेल का?"

काका तुमच्याकडे पाहतात. तुमच्या घरी अंडे चालते का? चालत असेल, तर घड्या मागवा. वर खमंग तळलेला कांदा येईल. चालत नसेल, तर तसेही सांगा. उकडलेले बटाटे आणि परतलेल्या भाज्या मिळतील. तेही जेवण वाईट नाही.

पान समोर आले की "गुटेन आपेटिट" म्हणायचे आणि मग पहिला घास घ्यायचा. जेवण झाले की काटा आणि सुरी बशीत शेजारी शेजारी ठेवायची. मग वेटर बशी उचलतो. शेवटी बिल येते. काका बिलाहून थोडे अधिक पैसे देतात. या वरच्या पैशांना तेथे ट्रिंकगेल्ड, म्हणजे 'पिण्याचे पैसे', म्हणतात. आपण चहापाण्याचे पैसे म्हणतो ना, अगदी तसेच!

निघताना खुंटीवरचा कोट मात्र विसरू नका. बाहेर चांगलीच थंडी पडली आहे.