तूर, कोळसा आणि पोर्तुगीज

बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या बेसा परिसरातल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो : कॉम्प्युटरला नंबर लागला नाही, तर मॅनेजमेंट कोट्यातून सीट घ्यायची का? आयटी कंपन्यांचं मिहान जवळ आहे, पोरगं डोळ्यांसमोर राहील, हा हिशेब. उत्तर स्पष्ट आहे. ज्याला कोडिंग नकोसं वाटतं, त्याच्यासाठी कर्ज काढून ही सीट घेऊ नका. चार वर्षं त्याला काढायची आहेत, शेजाऱ्यांना नाही.

सीए, नीट, एमपीएससी हे रस्ते पालकांना पाठ आहेत. एका भाषेकडे, पोर्तुगीजकडे, मात्र कुणाचं लक्षच जात नाही.

नागपूर हे डाळीच्या व्यापाराचं आणि कोळशाचं शहर. वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय इथेच आहे. 2016 साली भारताने मोझांबिकशी तूर व इतर कडधान्यांच्या खरेदीचा करार केला. त्याच देशाच्या तेते प्रांतातली बेंगा कोळसा खाण 2014 मध्ये भारतीय सरकारी कंपन्यांच्या 'आयसीव्हीएल'ने घेतली. मोझांबिकचा सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये चालतो. अंगोलाचाही, आणि वीस कोटींहून अधिक वस्तीच्या ब्राझीलचाही. नुसत्या भाषेवर पोट भरणार नाही, हेही ऐकून ठेवा. पण बी.कॉम., मायनिंग किंवा कृषी पदवीच्या जोडीला ती असेल, तर आयात-निर्यात करणाऱ्यांना असा माणूस सहज सापडत नाही.

सुरुवात व्याकरणाच्या तक्त्यांनी नको, ऑफिसातल्या बोलण्याने करावी. 'रेउनियांव' म्हणजे मीटिंग, 'प्राझु' म्हणजे मुदत, 'फातूरा' म्हणजे बिल. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो, स्त्री 'ओब्रिगादा'. वार तर नीट घोकावेच लागतात, कारण मोजणी रविवारपासून होते : सोमवार 'दुसरा', बुधवार 'चौथा', शुक्रवार 'सहावा'. सोमवारला पहिला धरणारा चौथ्या वाराच्या मीटिंगला गुरुवारी पोहोचेल.

उच्चारांत खरी मेहनत आहे. शब्दाच्या सुरुवातीचा 'र' ब्राझीलमध्ये बहुतेकदा 'ह'कडे झुकतो. रिओ शहराला तिथले लोक 'हीउ' म्हणतात. सकाळचा नमस्कार तिथे बहुतेक ठिकाणी 'बों जीआ', लिस्बनमध्ये 'बों दीअ'. मोझांबिकची धाटणी लिस्बनच्या जवळची. नाकातले स्वर मात्र कोकणी कानावर असलेल्याला लवकर जमतात.

गोवा विद्यापीठात पोर्तुगीजमध्ये एम.ए. करता येतं, पणजीत कामोंइश संस्थेचं भाषा केंद्र आहे. गोव्याचं नाव काढताच पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात, मुलीचा प्रश्न असेल तर जास्तच. तिच्या धाकट्या भावाला राजस्थानातल्या कोटा शहरात क्लाससाठी मात्र बिनदिक्कत पाठवतात! ही वागणूक चुकीची आहे आणि ती थांबायला हवी. इतक्या लांब जाणं खरंच शक्य नसेल, तर ऑनलाइन वर्ग शोधावा. फी भरण्याआधी शिक्षकाला दोन गोष्टी विचाराव्यात : उच्चार ब्राझीलचे शिकवणार की पोर्तुगालचे, आणि तयारी कोणत्या परीक्षेची करून घेणार? ब्राझीलसाठी 'सेल्पी-ब्रास' असते, पोर्तुगालसाठी लिस्बन विद्यापीठाच्या 'काप्ले' केंद्राच्या परीक्षा.