टोकनापासून रुपयापर्यंत

ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील घणसोली हे मूळचे शेती व मासेमारी यांवर जगणारे आगरी-कोळी वस्तीचे गाव होय. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ज्या गावांच्या जमिनी संपादित करण्यात आल्या, त्यांत घणसोलीचाही समावेश होता. जानेवारी १९८४ मधील जासईच्या आंदोलनानंतर, १९९० च्या दशकात, प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना अमलात आली. या योजनेतील पात्रता, वाटपपत्र, करारनामा आणि प्रत्यक्ष ताबा या निरनिराळ्या पायऱ्या होत्या. पात्रतेचा कागद म्हणजे भूखंड नव्हे, हा भेद या परिसरातील कुटुंबांना अनुभवाने परिचित आहे.

क्रिप्टोकरन्सी अथवा आभासी चलनाच्या बाबतीत नेमका हाच भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मोबाईलच्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि बँकेच्या खात्यात जमा होणारा रुपया यांच्या दरम्यानही अनेक पायऱ्या आहेत. त्यांतील एक जरी निखळली, तरी आकडा आकडाच राहतो.

टोकन आणि चलन

रुपयामागे शासनाची व भारतीय रिझर्व्ह बँकेची हमी असते आणि देणे फेडण्यासाठी तो स्वीकारणे कायद्याने बंधनकारक असते. टोकन ही मात्र संगणकांच्या जाळ्यावर ठेवलेल्या सामायिक खातेवहीतील एक नोंद होय. ती वैध चलन नाही. ती विकत घेण्यास कोणी तयार असेल तरच तिला मोल येते.

याचे एक उदाहरण घणसोलीच्या परिसरातलेच आहे. ठाणे-बेलापूर मार्गालगत रिलायन्स कॉर्पोरेट पार्क वसलेले आहे. जानेवारी २०२५ मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्स व पॉलिगॉन लॅब्ज यांचे सहकार्य जाहीर झाले आणि जिओस्फीअर या ब्राउझरच्या वापराबद्दल ग्राहकांच्या खाती ‘जिओकॉइन’ नावाची टोकने जमा होऊ लागली. आरंभी ती दुसऱ्यास देण्याची अथवा रुपयांत बदलून घेण्याची सोय नव्हती. तरीही एका टोकनाचे किती रुपये होतील, याचे अंदाज समाजमाध्यमांतून पसरले. बक्षीस म्हणून मिळालेल्या टोकनात कोणाचे पैसे गुंतलेले नव्हते. परंतु अशाच अंदाजांवर विसंबून जो पदरचे पैसे घालतो, त्याची गोष्ट वेगळी असते.

रूपांतराच्या पायऱ्या

टोकन विकू इच्छिणाऱ्या व्यक्तीस प्रथम एखाद्या एक्स्चेंजवर खाते उघडावे लागते. पॅन, ओळखीचा पुरावा व स्वतःच्या नावाचे बँक खाते यांची पडताळणी होते. टोकन स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल, तर ते एक्स्चेंजने दिलेल्या पत्त्यावर पाठवावे लागते. हा पत्ता किंवा निवडलेले जाळे चुकल्यास टोकन बहुधा परत मिळत नाही, कारण बँकेप्रमाणे चुकीची नोंद दुरुस्त करणारी कोणतीही मध्यवर्ती संस्था येथे नसते. त्यानंतर एक्स्चेंजवर विक्रीची मागणी नोंदविली जाते, खरेदीदार मिळाल्यावर शुल्क व करकपात वजा जाता रक्कम रुपयांत जमा होते आणि शेवटी ती बँक खात्यात वळविली जाते.

कायद्याची वाटचाल

या साखळीतील बँकेचा दुवा एकदा तुटलेला होता. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकान्वये रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली आणि चालू सेवा बंद करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. टोकन बाळगणे हा तेव्हाही गुन्हा नव्हता. परंतु त्याचे रुपये करण्याचा सरळ मार्ग बंद झाला होता. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्दबातल ठरविले.

पुढे २०२२ च्या वित्त अधिनियमाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी संज्ञा निश्चित करून तीवर कर बसविला. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने एक्स्चेंजना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले. त्यानुसार त्यांनी केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणे व ग्राहकांची ओळख पडताळणे बंधनकारक आहे. कर लावला म्हणजे शासनाने टोकनाच्या मूल्याची हमी घेतली, असा अर्थ मात्र काढता येणार नाही.

कराचा हिशेब

विक्रीतील नफ्यावर ३० टक्के दराने कर व त्यावर ४ टक्के उपकर आकारला जातो. १ जुलै २०२२ पासून, ठरावीक वार्षिक मर्यादेपलीकडील व्यवहारांत, विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर मुळातच कापून घेतला जातो.

समजा, एका व्यक्तीने १,००,००० रुपयांस घेतलेली टोकने १,५०,००० रुपयांस विकली. १,५०० रुपये तेथेच कापले जातील. नफा ५०,००० रुपये. त्यावर कर १५,००० आणि उपकर ६०० मिळून १५,६०० रुपये होतात. कापलेले १,५०० वजा जाता १४,१०० रुपये भरावे लागतील. याच व्यक्तीला दुसऱ्या टोकनात ४०,००० रुपये तोटा झाला असला, तरी तो या नफ्यातून वजा करता येत नाही. खरेदीच्या किमतीखेरीज अन्य खर्चही वजा होत नाही. एक टोकन देऊन दुसरे घेतले, तरी तोही करपात्र व्यवहार ठरतो. यास्तव खरेदीचा दिनांक व किंमत यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवणे हिताचे असते.

साखळी कोठे तुटते

एक्स्चेंज म्हणजे बँक नव्हे आणि तेथील रकमेस ठेव विम्याचे संरक्षण नाही. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची टोकने चोरीस गेली. तेथील व्यवहार थांबले आणि ते पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. ज्यांची टोकने तेथे होती, त्यांना या काळात ती हवी तेव्हा विकता आली नाहीत.

दुसरा धोका अनोळखी व्यक्तीस परस्पर विक्री करण्याचा आहे. बाजारभावापेक्षा थोडा अधिक दर मिळतो म्हणून विक्रेता टोकन पाठवितो आणि त्याच्या खात्यात रुपये जमा होतात. ते रुपये एखाद्या सायबर फसवणुकीतील असल्यास पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम, प्रसंगी संपूर्ण खाते, गोठविते. वेतन वा पीकविम्याची रक्कम त्याच खात्यात येत असेल, तर घरखर्चच थांबतो.

तिसरा धोका बनावट मंचांचा. त्यांवर नफा वाढत असल्याचे दाखविले जाते. पैसे काढू गेल्यास ‘आधी कर भरा’ म्हणून नवी रक्कम मागितली जाते. प्राप्तिकर असा अनोळखी खात्यात भरावयाचा नसतो, एवढे ठाऊक असले तरी ही फसवणूक ओळखता येते.

ई-रुपया निराळा

रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला ई-रुपया हा टोकनाच्या रूपातील असला, तरी तो वैध चलन आहे. एक ई-रुपया म्हणजे एक रुपयाच. त्याच्या नावाने कोणी वाढीव परतावा देऊ करीत असेल, तर ती फसवणूक समजावी.

गावपातळीवरील कर्तव्य

जमिनीचा मोबदला, निवृत्तिवेतनाची रक्कम किंवा पीककर्ज गावात येते, त्या सुमारास गुंतवणुकीचे प्रस्तावही येतात. अशा वेळी ग्रामसभेत व शाळेत चार प्रश्न समजावून सांगता येतील : हे टोकन रुपयांत कोण विकत घेईल? एक्स्चेंज वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेले आहे काय? लहानशी रक्कम बँकेत परत आणून पाहिली आहे काय? कराचा हिशेब ठेवला आहे काय? शासकीय कर्मचाऱ्यांनी, वर्तणूक नियमांन्वये सट्टेबाजीस मनाई आहे, हेही ध्यानी ठेवावे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे वळण्यापूर्वीच ती रोखता येण्याची शक्यता असते.

हे प्रश्न पैसे घालण्यापूर्वी विचारावयाचे आहेत. टोकन घेताना बाहेर पडण्याची वाट ठाऊक नसेल, तर विक्रीच्या दिवशी ती सापडेलच असे नाही.