आसगावात समुद्र नाही, पण डोंगा आहे

"सर, आमच्या पोट्टीनं समुंदर टीव्हीतच पायला. तिले कोस्ट गार्डात कोण घेईन?"

पवनी तालुक्यातलं आसगाव. रोवणीचे दिवस. ओसरीवर बसलेल्या वडिलांच्या पोटऱ्यांवर बांधीतला चिखल अजून ओला होता. मुलगी दहावी झालेली, आणि तिच्या मोबाइलवर एका पांढऱ्या जहाजाचा फोटो. इथून मुंबई जवळजवळ नऊशे किलोमीटर, तेव्हा बापाची शंका रास्तच. फक्त ती चुकीच्या ठिकाणी अडली होती. तटरक्षक दल उमेदवाराच्या गावापासून समुद्र किती लांब आहे हे विचारत नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र होतं का, हे मात्र विचारतं.

आपल्या भागात हुशार मूल म्हणजे डॉक्टरकीची नीट परीक्षा, आणि नीट म्हणजे गणिताला रामराम. हा निर्णय जूनमध्ये कॉलेजच्या खिडकीपाशी दहा मिनिटांत होतो. पाच-सात वर्षांनी पोरगी पदवी हातात घेऊन तटरक्षक दलातल्या असिस्टंट कमांडंट या अधिकारीपदाची जाहिरात वाचते, तेव्हा कळतं की जनरल ड्युटी शाखेचं दार त्याच खिडकीपाशी बंद झालं होतं. सध्याच्या नियमांनुसार जनरल ड्युटी शाखेला पदवी लागते, बारावीला गणित-भौतिकशास्त्र लागतं, आणि वय साधारण 21 ते 25. तांत्रिक शाखेला ठरावीक विषयांतली इंजिनीअरिंगची पदवी हवी. डॉक्टरकीचा मोह सुटत नसेल तर जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका. चार विषयांचं ओझं होतं हे खरं, पण नंतर हळहळण्यापेक्षा ते परवडतं.

मुलीनं विचारलं, "जहाजावर गणित कशाला लागते?"

मी तिला वैनगंगेवरचा डोंगा आठवायला सांगितला. समोरच्या घाटावर उतरायचं असेल तर ढिवर डोंग्याचं तोंड घाटाकडे धरत नाही, धारेच्या वर धरतो. पाणी खाली ओढणार हे त्याला ठाऊक असतं. अकरावीच्या पुस्तकात हाच प्रश्न सदिश राशींच्या धड्यात येतो आणि मुलं तो पाठ करून विसरतात. आता हाच डोंगा रत्नागिरीच्या समोर, खोल समुद्रात नेऊन ठेवा. मासेमारी बोटीचं इंजिन बंद पडलं, पाणी आत येतंय, तांडेलानं संकट-संदेश देणाऱ्या यंत्राचं बटण दाबलं. उपग्रहामार्फत जागा कळली. पण जहाज तिथं पोचायला चार तास लागणार, आणि तोवर बोट तिथं थांबणार नाही. प्रवाह तिला एकीकडे नेणार, वारा दुसरीकडे. जीवरक्षक तराफा पाण्यावर हलका, त्याला वारा जास्त ढकलतो. नुसता पोहणारा माणूस जवळजवळ सगळा पाण्यात, तो मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो. एकाच बोटीवरचे दोघे चार तासांत दोन ठिकाणी सापडू शकतात. कुठं शोधायचं, विमान कोणत्या पट्ट्यात फिरवायचं, अंधार पडायच्या आत किती पाणी पिंजून होईल, हे वरिष्ठ अधिकारी नकाशापुढे ठरवतो. तास गेला की शोधायचं क्षेत्र वाढतं. "म्हणजे डोंगाच," मुलगी म्हणाली. हो, डोंगाच.

लोकांना वाटतं तटरक्षक म्हणजे लहान नौदल. दोन्ही संरक्षण मंत्रालयाखाली येतात, पण कामाची जात वेगळी. साठ-सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी माजली होती, 1974 मध्ये मुंबई हायला तेल लागलं, आणि 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्यानं किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर आपला हक्क सांगितला गेला. त्या पाण्यावर शांततेच्या काळात पहारा कोण देणार? म्हणून 1 फेब्रुवारी 1977 ला अवघ्या सात जहाजांनिशी दलाची हंगामी सुरुवात झाली, आणि 1978 च्या कायद्यानं ते पक्कं झालं. मच्छीमारांना वाचवणं, तेलगळती आवरणं, तस्करी रोखण्यात कस्टमला हात देणं ही कामं त्या कायद्यातच लिहिलेली आहेत.

आणि कायदा म्हटला की 1999 सालची 'अलोंड्रा रेनबो' सांगावीच लागते. ॲल्युमिनियमच्या लगडी घेऊन इंडोनेशियाहून जपानला निघालेलं हे जहाज चाच्यांनी पळवलं, खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं आणि जहाजाचं नावच बदलून टाकलं. नोव्हेंबरात अरबी समुद्रात त्याला गाठलं ते तटरक्षक दलाच्या 'ताराबाई'नं. मग नौदलाची 'प्रहार' आली आणि पंधरा जण पकडले गेले. मुंबईत खटला चालला, 2003 मध्ये शिक्षा झाली, 2005 मध्ये उच्च न्यायालयात आरोपी सुटले. चाचेगिरीसाठी आपल्याकडे तेव्हा स्वतंत्र कायदाच नव्हता. तो 2022 मध्ये संमत झाला. समुद्रात केलेली कारवाई कोर्टात टिकावी लागते, म्हणून या अधिकाऱ्याला कायदाही वाचावा लागतो. गणवेशाकडे बघून भाळलेल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

पगाराचं विचारायला वडील लाजत होते, म्हणून मीच सांगितलं. असिस्टंट कमांडंटचं सुरुवातीचं मूळ वेतन 56,100 रुपये, त्यावर भत्ते. पुढे डेप्युटी कमांडंट, कमांडंट (कनिष्ठ श्रेणी), मग कमांडंट, तिथं मूळ वेतन 1,23,100. नंतर उपमहानिरीक्षक, आणि महानिरीक्षक झाल्यावर 1,44,200. पण ही शिडी पाच वर्षांत चढायची नाही. वरच्या पायऱ्यांपर्यंत पोचायला दोन-अडीच दशकं लागतात आणि तिथं जागा मोजक्याच. सगळ्यात वर महासंचालक. ती खुर्ची बहुतेक काळ नौदलातून आलेल्यांकडेच होती. 2016 मध्ये राजेंद्र सिंह महासंचालक झाल्यापासून दलात वाढलेले अधिकारीही तिथं बसू लागले.

मुलींच्या पालकांनी जाहिरातीत एक ओळ नीट वाचावी: नेमणूक कायम आहे की अल्प मुदतीची. नूपुर कुलश्रेष्ठ उपमहानिरीक्षकपदापर्यंत पोचलेल्या पहिल्या महिला, हे खरं. पण अल्प सेवेतल्या महिला अधिकाऱ्यांना कायम का करत नाही, हा वाद 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयानं केंद्राला चांगलंच फैलावर घेतलं.

धोक्याचंही झाकून ठेवत नाही. 2 सप्टेंबर 2024 च्या रात्री पोरबंदरसमोर एका टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला गेलेलं दलाचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं आणि त्यातले तिघे गेले. हे ऐकून आई चुलीपाशी उठून गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन परत आली आणि म्हणाली, "पुढचं सांगा."

पुढचं म्हणजे परीक्षा. आधी संगणकावरची चाळणी परीक्षा, चुकीच्या उत्तराला गुण कापणारी. मग प्राथमिक निवड, त्यात चित्र दाखवून गटात चर्चा करायला लावतात. आपली मुलं लेखीत तरतात आणि इथं गप्प बसतात. त्याला क्लास लावू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करू द्या, ग्रामसभेत उभं राहून एक प्रश्न विचारू द्या. त्यानंतर अंतिम निवड मंडळ, वैद्यकीय तपासणी, आणि निवड झाली की केरळातल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीत प्रशिक्षण. अधिकारी होणं जमलं नाही तर बारावीवर नाविक आणि डिप्लोमावर यांत्रिक होता येतं. त्यात कमीपणा काही नाही, पण वयाची अट लवकर संपते.

डोळे मात्र आत्ताच दाखवून घ्या. चष्म्याचा नंबर तर बघाच, पण रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखता येतो का तेही बघा. जहाजांचे लाल-हिरवे दिवे रात्री वेगळे ओळखता आले नाहीत तर बाकीच्या गुणांचा उपयोग नाही. भंडाऱ्याला नेत्रतज्ज्ञाकडे ही तपासणी होऊन जाते.

"आणि पोहणं?" वडिलांनी विचारलं.

"गावच्या मामा तलावात येते मले," मुलगी पटकन बोलून गेली, आणि आईनं तिच्याकडे वळून पाहिलं. घरात ही गोष्ट पहिल्यांदाच बाहेर पडली होती.