उभ्या झाडाचे मोल

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पूर्वभाग सपाट व बागायती आहे. पश्चिमभाग मात्र सह्याद्रीच्या कड्यापर्यंत चढत जातो. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या परिसरात पावसाळाभर ढग जणू जमिनीला टेकलेले असतात. तेथील महादेव कोळी कुटुंबे उतारावर भात, नाचणी व वरई पिकवितात. हे धान्य वर्षभर पुरेलच असे नाही; शिवाय तेलमीठ, कपडालत्ता, मुलांची पुस्तके यांसाठी रोकड पैसा लागतो. तो पुष्कळसा मिळतो हिरड्याच्या झाडापासून.

हिरडा औषधी आहे. आवळा व बेहडा यांच्यासह त्याचे त्रिफळा चूर्ण होते. पिकलेल्या हिरड्यातील तुरट द्रव्य कातडी कमाविण्यास उपयोगी पडते. परंतु व्यापाऱ्याची खरी मागणी असते ती बाळहिरड्याला. आत बी धरण्यापूर्वीच उन्हाळ्यात कोवळी फळे उतरवून वाळवितात. वाळली म्हणजे ती काळी पडून आक्रसतात. या दिवसांत लहानथोर सारे रानात असतात.

येथेच एक साधा हिशेब दिसून येतो. झाड तोडून कोळसा पाडला, तर पैसा एकदाच हाती येतो. हिरडा दर उन्हाळ्याला देतो. भाताच्या राबासाठी इतर झाडांच्या फांद्या उतरविणारा शेतकरी हिरड्यावर कोयता चालविण्यास सहसा धजत नाही. कायद्याच्या धाकाने जे सर्वत्र साधत नाही, ते येथे लाभाच्या आशेने पुष्कळ अंशी साधले आहे.

मात्र ही राखण भावावर अवलंबून असते. अडीनडीला व्यापाऱ्याकडून उचल घेतलेला माणूस भाव कसा ठरविणार? १९७२ साली स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाने ठरावीक दराने हिरडा खरेदी केला, तो याच कारणासाठी. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. तरीही ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची नासाडी केली, तेव्हा अडचण उभी राहिली. हिरडा शेतातले पीक नसल्यामुळे भरपाईच्या नेहमीच्या नियमांत तो बसेना! भरपाईसाठी आदिवासींना पुढील काही वर्षे आंदोलने करावी लागली. ज्या उत्पन्नाच्या बळावर रान उभे आहे, त्यालाच नियमांत जागा नसावी, हे विचित्रच होय.

दुसरी अडचण खुद्द झाडाची आहे. बी धरण्यापूर्वीच सारी फळे उतरविली, तर नवी रोपे यावीत कोठून? पैशाने जुने झाड वाचते. त्याच्या वंशाची हमी पैसा आपोआप देत नाही. म्हणून उत्तर सह्याद्रीत हिरडा व बेहडा गोळा करणाऱ्या काहींनी अलीकडे ‘फेअरवाइल्ड’ या प्रमाणपत्राची वाट धरली आहे. फांद्या मोडू नयेत, काही फळे झाडावर राखावीत, आणि त्या मोबदल्यात गोळा करणाऱ्यास रास्त भाव मिळावा, असा त्यातील करार असतो. राखलेली फळे हिवाळ्यात पिकून गळतात. त्यांच्या कठीण कवचातून थोड्याच बियांना कोंब फुटतो, आणि त्यांतीलही जे रोप गुरांच्या तोंडून वाचते, तेवढेच वाढीस लागते.