रॉबिनची छाती लाल की नारिंगी? 'ऑरेंज' शब्दाचा प्रवास



इंग्रजीच्या पुस्तकात 'रॉबिन रेडब्रेस्ट' हा पक्षी भेटला, की एखादं चौकस मूल विचारतंच, "याची छाती तर ऑरेंज आहे, मग रेड का म्हणतात?" अशा वेळी "पुस्तकात दिलंय ना, रेडच लिही" असं सांगून मुलाला गप्प करू नका. त्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

या पक्ष्याला ते नाव पडलं, तेव्हा इंग्रजीत 'ऑरेंज' नावाचा रंगच नव्हता! रंग होता, डोळ्यांना दिसतही होता, पण त्याला स्वतंत्र नाव नव्हतं. जुन्या इंग्रजीत 'पिवळा-तांबडा' अशा अर्थाचा एक जोडशब्द होता. पण एरवी सगळं 'रेड'मध्येच जमा व्हायचं. कोल्हा रेड, केस रेड, रॉबिनही रेड. चौदाव्या शतकातला कवी चॉसर (मृत्यू 1400) कोंबडा-कोल्ह्याच्या गोष्टीत कोल्ह्याचा रंग सांगतो तो 'पिवळा आणि लाल यांच्या मधला' असा. एवढ्या मोठ्या कवीलाही फिरवून सांगावं लागलं, बघा.

मग शब्द आला कुठून? फळातून. आणि ते फळ आपल्याकडून गेलं. संस्कृत 'नारङ्ग' (तोही बहुधा द्राविडी भाषांतून आलेला), त्यावरून फारसी 'नारंग', अरबी 'नारंज'. अरबांनी कडू-आंबट नारिंगाची झाडं सिसिली आणि स्पेनमध्ये नेली. स्पॅनिशमध्ये 'न' अजून शाबूत आहे, 'नारांखा'. फ्रेंचमध्ये मात्र तो आधीच्या 'उन'च्या नकारात विरघळला असावा आणि 'ऑरांज' उरलं. हा 'न' इंग्रजीत गळला असं बरेच जण सांगतात, पण इंग्रजीत शब्द पोचला तोच 'न' गमावून. इंग्रजीत खरंच असं घडलं ते 'एप्रन'चं. मूळ 'ए नेप्रन', बोलता बोलता झालं 'अ‍ॅन एप्रन'.

चौदाव्या शतकात इंग्रजीत 'ऑरेंज' म्हणजे फक्त फळ. रंगासाठी तो शब्द लिखाणात दिसू लागतो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, तोही कापडांच्या वर्णनात. तोवर रॉबिनचं नाव पक्कं झालं होतं, ते कोण बदलणार?

वर्गात हे सांगताना मराठीचा आधार घ्या. आपला 'नारिंगी' त्याच घराण्यातला. जांभूळावरून जांभळा, गुलाबावरून गुलाबी, राखेवरून राखाडी, केशरावरून केशरी. इंग्रजीतला 'पिंक'सुद्धा मुळात एका फुलाचंच नाव. फळ्यावर दोन रकाने करा. रंगाचं नाव वाचून "हे कशाचं नाव?" असं विचारायचं. उत्तर मिळालं की एका रकान्यात, नाही मिळालं (लाल, काळा, हिरवा) की दुसऱ्यात. 'तांबडा'वर वाद होऊ द्या. तांबं आठवणारं मूल निघतंच, आणि मोरपंखी, आकाशी, शेवाळी हे तर मुलं न विचारताच ओरडून सांगतात.