वारंवार बंद पडणारा संगणक : आधी कारण शोधा, मग पैसा खर्च करा

संगणक आता मोठ्या पेढीपुरता राहिलेला नाही. जीएसटीची बिले, उधारीचे खाते, मालाचा साठा हे सारे घरच्या एका यंत्रात असते. असा संगणक ऐन काम चालू असताना बंद पडू लागला की धंद्याचा हात मोडल्यासारखे होते. दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी आपण स्वतः काय पाहावे, याचा विचार या लेखात करू.

खामगाव हे कापसाचे जुने गाव. कापसाच्या वाहतुकीसाठीच १८७० साली जलंबहून येथवर रेल्वेचा फाटा आला. याच गावात आमच्या कुटुंबाचे गाद्या-रजयांचे काम आहे. खाली रुई पिंजण्याचे यंत्र आणि वर घर, अशी रचना आहे. वरच्या खोलीतला आमचा संगणक मागच्या उन्हाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा बंद पडू लागला. विंडोज बिघडली असेल असे समजून आम्ही पैसे देऊन ती नव्याने टाकून घेतली. दुसऱ्याच दिवशी दुपारी संगणक पुन्हा बंद! पैसे तर गेलेच, शिवाय त्या गडबडीत दोन महिन्यांची उधारीची नोंद पुसली गेली. ती वसूल करताना गिऱ्हाइकांच्या शब्दावर विसंबण्याखेरीज आमच्या हाती काही उरले नाही.

म्हणून पहिला नियम हा : दुरुस्तीला हात घालण्याआधी हिशेबाची नक्कल काढा. एक नक्कल पेन ड्राइव्हवर आणि दुसरी घराबाहेर, भावाच्या दुकानी किंवा ई-मेलमध्ये ठेवा. यंत्र पुन्हा विकत मिळते, वहीतले आकडे मिळत नाहीत.

दुसरा नियम : एक साधी वही करा. संगणक कधी बंद पडला, किती वेळ चालला होता, कोणते काम चालू होते, आणि तो पूर्ण विझला, आपोआप पुन्हा सुरू झाला की निळा पडदा आला, हे लिहून ठेवा. आठवड्याभराची नोंद पाहिली की बहुतेक वेळा कारणाची दिशा कळते. ती अशी :

१) उष्णता. संगणक वीस-तीस मिनिटे चालून पूर्ण विझत असेल, थंड झाल्यावर पुन्हा चालत असेल, आणि हे दुपारी जास्त घडत असेल, तर पंखे व धूळ तपासा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र आपोआप बंद होते. मे महिन्यात खामगाव, नांदुरा, मलकापूरकडे खोलीतली हवाच तापलेली असते, मग पंखा तरी थंडावा कोठून आणणार? त्यात जिनिंग, पिठाची गिरणी किंवा सुतारकाम जवळ असेल तर धुळीचा थर लवकर साचतो. प्लग काढून डबा उघडा, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने व हवेने धूळ काढा. यंत्र जुने असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट जाणकाराकडून बदलून घ्या.

२) वीज. काही सूचना न देता संगणक क्षणात बंद होऊन लगेच सुरू होत असेल, तर वीजपुरवठा, यूपीएसची बॅटरी आणि एसएमपीएस यांकडे पाहा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली राहू शकते. ओळखीतल्याचा चांगला एसएमपीएस लावून पाहणे हीच त्याची सोपी परीक्षा.

३) रॅम. निळा पडदा येतो आणि दर वेळी वेगळाच संदेश दिसतो, तर रॅमची शंका घ्या. प्लग काढून डब्याच्या धातूला हात लावा, मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसा व पुन्हा घट्ट बसवा. विंडोजमध्येच रॅम तपासण्याची सोय आहे, ती रात्री चालवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा.

४) हार्ड डिस्क. यंत्र अडकते, फाइल उघडायला फार वेळ लागतो, आतून टकटक आवाज येतो, तर उशीर करू नका. आधी नक्कल काढा, तपासणी नंतर. दुबळ्या डिस्कवर दीर्घ तपासणी चालवली तर तिचा उरलासुरला जीवही जाऊ शकतो.

५) प्रोग्राम. एकाच कामाच्या वेळी यंत्र बंद पडत असेल आणि सेफ मोडमध्ये नीट चालत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हर, व्हायरस किंवा नव्या प्रोग्रामचा असतो. नुकतेच काय टाकले ते आठवा व काढून पाहा. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही ध्यानात असावे.

आता आमच्या संगणकाचे काय झाले? वही पाहिली तेव्हा दुपारचे बंद पडणे वेगळे आणि सकाळचे वेगळे, हे दिसले. आत रुईच्या तंतूंची जणू लहानशी गादीच तयार झाली होती! ती काढल्यावर दुपारचा त्रास थांबला, सकाळचा मात्र राहिला. आमचे मोठे भाईजान म्हणाले, "खाली पिंजणयंत्र सुरू होते, तेव्हाच हा बंद होतो, पाहा." तेच खरे ठरले. मोटर सुरू होताना कित्येक पट वीज ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली जाते, आणि यूपीएसची बॅटरी कधीच संपली होती. मीटरपासून वेगळी वायर घेतली, बॅटरी बदलली आणि त्रास मिटला.

दोष एक नव्हता, दोन होते. म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन दिवस पाहा, वहीत लिहा, मग पुढची बदला. सर्व एकदम बदलले तर खर्चही वाढतो आणि खरे कारण कळतही नाही. दुरुस्तीवाल्याकडे जावेच लागले, तर ही वही सोबत न्या. काय बिघडले ते ग्राहकालाच ठाऊक असले, की नको तो भाग त्याच्या गळ्यात पडत नाही.