जुन्या होडीची निगा

शेतकऱ्याला जसा बैल, तशी खाडीकाठच्या माणसाला होडी. बैल थकला तरी शेतकरी त्याची वैरण-पाणी चुकवत नाही. होडीचेही तसेच आहे. निगा राखली तर शिडाची लहान होडी बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जाते. हयगय केली तर नवी होडीही लवकर सडते. होडी सडली म्हणजे नुसते लाकूड गेले असे नाही. भर पाण्यात फळी सुटली, तर आत बसलेल्या माणसांच्या जिवाशी गाठ असते.

मुंबईच्या गोदीत 1817 साली वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानाचे एक लढाऊ जहाज बांधले. त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. ते शिडांवर चालत असे. त्याला दोनशेहून अधिक वर्षे झाली. तरी आज ते इंग्लंडात हार्टलपूल या गावी पाण्यावर तरंगते आहे. लोक ते पाहायला जातात. साग उत्तम होता, हे खरे. पण नुसत्या सागाने ते टिकले नाही. मध्यंतरी ते मोडकळीला आले होते. 1990 पासून पुढे सुमारे दहा-अकरा वर्षे कारागीर त्यावर खपले. कुजके काढले, नवे बसवले. म्हणून ते उभे राहिले. मोठ्या जहाजाला जो नियम, तोच आपल्या लहान होडीला.

होडीचा खरा वैरी

‘होडी रात्रंदिवस पाण्यात असते, मग पावसाच्या पाण्याने तिचे काय बिघडणार?’ असे कोणी विचारील. बिघडते, आणि फार बिघडते. कसे ते पाहा.

लाकूड कुजते ते बुरशीने. खाऱ्या पाण्यात ही बुरशी नीट वाढत नाही. मिठात घातलेले लोणचे टिकते, मीठ लावलेली मासळी टिकते, तसेच हे. पावसाचे पाणी मात्र गोडे. ते होडीच्या कानाकोपऱ्यांत साचते. तिथे वारा लागत नाही, ऊन पोचत नाही. मग बुरशी धरते आणि लाकूड आतून भुसभुशीत होते. म्हणून ध्यानात ठेवा : होडी कुजवते ते गोडे पाणी.

खाऱ्या पाण्यातही एक वैरी आहे. तो म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. आपण त्याला किडा म्हणतो, पण तो शिंपल्याच्या जातीचा जीव आहे. लहान असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो. आत गेल्यावर लाकूड खात खात वाढतो. फळी बाहेरून धड दिसते, आतून मात्र तिची चाळण झालेली असते. होडी पाण्याबाहेर काढून महिना-दोन महिने कोरडी ठेवली, तर हा किडा मरतो. त्याने पाडलेली भोके मात्र तशीच राहतात.

पावसाळ्यापूर्वी

पाऊस सुरू होण्याआधी, मोठ्या भरतीला होडी वर ओढून घ्यावी. ती जमिनीवर टेकवू नये. खाली लाकडी ठोकळे द्यावेत, म्हणजे तळाला वारा लागतो. नाळेची बाजू थोडी उंच ठेवावी, म्हणजे पाणी एका टोकाला वाहून जाईल. तळाला भोक असेल तर त्याचे बूच काढून ठेवावे.

वर माडाच्या झापांचे छप्पर करावे. छप्पर आणि होडी यांच्यामध्ये जागा सोडावी. काही जण प्लास्टिकचा कागद होडीला घट्ट गुंडाळतात. ते बरे नव्हे. आतला ओलावा कोंडतो आणि लाकूड घामाघूम होते.

तपासणी

होडी वर आली की तळाची शिंपली आणि शेवाळ खरवडून काढावे. मग गोड्या पाण्याने धुवावी व सावलीत सुकू द्यावी. कडक उन्हात सुकवू नये. फळ्या एकाएकी आकसतात आणि तडकतात.

आता एक टोकदार आरी घ्या आणि एक लाकडी हातोडी घ्या. हातोडीने फळीवर हळू ठोका. धड लाकूड खणखणीत वाजते. कुजलेले वा पोखरलेले लाकूड बद्द वाजते. जिथे बद्द वाजेल तिथे आरी टोचून पाहा. आरी लोण्यात शिरावी तशी आत गेली, तर ते लाकूड गेले असे समजा.

पुढील जागा विशेष पाहाव्या :
1. तळाचे मोठे लाकूड, म्हणजे पठाण, आणि आतले वाकडे वांक जिथे मिळतात ती जागा.
2. डोलकाठीचा बुंधा जिथे बसतो ती खाच.
3. नाळेचा माथा व होडीची दोन्ही टोके.
4. प्रत्येक खिळ्याच्या भोवतालची जागा. तिथे काळा डाग असेल तर खिळा गंजला आहे.

सांध्यांची कलफात

दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठोकून ती बंद करतात. या कामाला कलफात म्हणतात. आधी जुना कापूस पूर्ण उकरून काढावा. फट कोरडी होऊ द्यावी. मग कापसाची सैल वात करून ती बोथट पटाशीने बसवावी. वरून राळ आणि तेल शिजवून केलेला लेप भरावा.

इथे एक चूक नेहमी होते. ‘जास्त ठोकले म्हणजे जास्त घट्ट’ असे वाटते. पण पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात. फट आधीच गच्च भरलेली असेल तर फुगायला जागा उरत नाही. मग खिळे उपटतात किंवा फळी बाहेर येते. कापूस घट्ट बसावा, पण कोंबू नये.

राळ उघड्यावर शिजवावी, घरात नव्हे. पेट घेतला तर पाणी ओतू नये. पाण्याने जळते तेल चौफेर उडते. भांड्यावर झाकण ठेवावे किंवा वाळू टाकावी.

फळी आणि खिळे

कुजक्या फळीवर डामर फासला की होडी नवी दिसते. दिसते एवढेच! आत कूज चालूच राहते. कुजके लाकूड काढून टाकावे आणि धड लाकूड लागेपर्यंत कापत जावे. नवी फळी शक्यतो त्याच जातीच्या, सुकलेल्या लाकडाची घ्यावी. जोड तिरका करावा. फळी 1 इंच जाड असेल तर जोडाचा उतार निदान 8 इंच लांब असावा. शेजारशेजारच्या फळ्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत.

खिळा ठोकण्याआधी गिरमिटाने भोक पाडावे, म्हणजे फळी फाटत नाही. तांब्याचे आणि लोखंडाचे खिळे एकत्र वापरू नयेत. याची एक गोष्ट आहे. 1761 साली इंग्रजांनी ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. हेतू हा, की किडा लागू नये. सुमारे दोन वर्षांनी पाहतात तो किडा लागला नव्हता. पण तांबे जिथे लोखंडी खिळ्यांना टेकले होते, तिथले खिळे झिजून गेले होते. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की लोखंडाचा नाश होतो.

काठी, शीड आणि दोर

डोलकाठीला उभी चीर असली तर फारसे भय नाही. आडवी चीर दिसली तर ती काठी वापरू नये. वाऱ्याच्या एका झटक्याने ती मोडते.

शीड सुती असो वा नायलॉनचे, गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून मगच घडी करावी. सुती शिडाला ओलाव्याने बुरशी येते. नायलॉनच्या कापडाला उन्हाची बाधा होते. काम नसताना ते झाकून ठेवावे. दोराचे पीळ उलगडून आतले तंतू पाहावेत. बाहेरून धड दिसणारा दोर कित्येकदा आतून पीठ झालेला असतो.

पाण्यात घालताना

दुरुस्त केलेली होडी लगेच समुद्रात नेऊ नये. पहिले एक-दोन दिवस खाडीतच, काठाजवळ बांधून ठेवावी. सुरुवातीला थोडे पाणी येईल. फळ्या फुगल्या की ते कमी होते. तासाला किती बालद्या पाणी निघते ते मोजा. आकडा रोज उतरत गेला तर ठीक. उतरला नाही, तर होडी पुन्हा वर घ्या. थेंबे थेंबे तळे साचे, हे विद्येला आणि पैशाला जसे लागू आहे, तसेच होडीतल्या पाण्यालाही लागू आहे.

पठाण आणि पुष्कळसे वांक कुजले असतील, तर जाणत्या सुताराला दाखवावे. तो ‘आता नको’ म्हणाला तर हट्ट धरू नये. होडी वडिलांच्या हातची असली तरी माणसाच्या जिवापेक्षा मोठी नाही.

होडीची वही

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा उपयोग इथे करा. एक लहान वही होडीच्या नावाने ठेवा. तीत असे लिहा :

20 मे. होडी वर घेतली.
24 मे. उजव्या अंगाची तिसरी फळी बद्द वाजली. आरी अर्धा इंच आत गेली.
2 जून. ती फळी बदलली. खिळे 14.

पुढल्या वर्षी ‘गेल्या खेपेस काय केले होते?’ हे आठवत बसावे लागणार नाही. डोके विसरते, वही विसरत नाही. आणि होडी मुलाच्या हाती देताना ही वहीही त्याच्या हाती द्या.

प्रश्न
1. होडी कोणत्या पाण्याने कुजते? का?
2. फटीत कापूस फार गच्च का भरू नये?
3. राळेने पेट घेतला तर काय करावे?
4. तुमच्या घरी होडी, गाडी किंवा नांगर असेल. त्याची तपासणी करा आणि वहीत तीन ओळी लिहा.